न कुजणाऱ्या पानांचं रान

नांदगाव तालुक्यातल्या जमिनीला शेणखत कधी पुरत नाही. उन्हाळ्यात उकिरडा उपसायचा, ट्रॉलीने वावरात ढीग घालायचे, पसरायचे, वखराने मातीआड करायचे. पुढच्या वैशाखात त्याच वावरात पाहिलं तर खताची नावनिशाणी नसते. "जमीन खत खाते," असं शेतकरी म्हणतात आणि विज्ञानालाही हे जसंच्या तसं मान्य आहे. २०१५ पासून मृदा आरोग्य पत्रिका मिळू लागल्या. त्यात 'सेंद्रिय कर्ब' नावाचा एक रकाना असतो. आकडा ०.५ टक्क्याच्या खाली गेला की शेजारी शेरा येतो, 'कमी'. आपल्याकडच्या हलक्या, मुरमाड जमिनींना हा शेरा इतका सवयीचा झालाय की वाचणाऱ्याची नजर सरळ पुढच्या रकान्यावर, नत्र-स्फुरदावर जाते.

आता या टोकावरून पार दुसऱ्या टोकाला जाऊ. बोर्निओ बेटाच्या दक्षिण भागात, इंडोनेशियाच्या मध्य कालीमंतान प्रांतात, अशी जमीन आहे की ती वाळवून तपासली तर तिच्यात वजनाने निम्मा कर्बच निघतो. आपला अर्धा टक्का, त्यांचे पन्नास टक्के. तिला माती म्हणणंही तसं जड जातं, कारण तिच्यात दगडाचा भुगा जवळजवळ नसतोच. मूठभर उचलून पिळली की तपकिरी पाणी गळतं आणि हातात उरतात अर्धवट कुजलेली पानं, मुळ्या, सालपटं, लाकडाच्या ढलप्या. यालाच पीट म्हणतात. काही ठिकाणी त्याचा थर दहा मीटरपेक्षा जाड आहे, म्हणजे आपल्याकडची एखादी विहीर खणावी आणि तळापर्यंत नुसता पालापाचोळाच लागावा. या थरावर जंगल उभं असतं आणि जंगलाच्या पायाशी बारमाही पाणी.

पीट म्हणजे आयर्लंड, स्कॉटलंड, रशिया अशा थंड मुलखातली गोष्ट, असाच बराच काळ समज होता. ते पटण्यासारखंही होतं. थंडीत जीवाणू मंदावतात, पाला कुजायला वेळ लागतो, थर साचतो. विषुववृत्तावर बारा महिने ऊब असते, बारा महिने ओल असते, तिथे पडलेलं पान काही महिन्यांत मातीत मिसळून जायला हवं. बहुतेक ठिकाणी तसंच होतं. घनदाट सदाहरित जंगलाची माती वरून जितकी श्रीमंत वाटते तितकी आतून नसते, ती याच कारणाने. मग कालीमंतानात पान का टिकलं?

कुजवणाऱ्या जीवाणूंना आणि बुरशीला ऊब लागते, ओल लागते आणि हवा लागते. नांदगावात चैत्र-वैशाखात काळ्या रानाला भेगा पडतात आणि त्या भेगांतून हवा थेट खाली उतरते. पहिल्या पावसाने ओल मिळाली की उन्हाने तापलेल्या त्या मातीत जीवाणूंची झुंबड उडते आणि खतातला कर्ब कार्बन डायऑक्साइड होऊन निघून जातो. कालीमंतानात ऊब आहे, ओल भरपूर आहे. अडलंय ते हवेपाशी. साचलेल्या पाण्यात प्राणवायू फार हळू उतरतो, आणि जो थोडा उतरतो तो वरच्या बोटभर थरातच संपतो. त्यात पानांतून झिरपणारी टॅनिनं आणि आम्लं पाण्याला आंबट करतात. अशा पाण्याचा सामू तीन-चारपर्यंत उतरलेला असतो. घरात लोणचं घालताना आपण हेच दोन उपाय करतो: फोडींना आंबटात मुरवतो आणि वर तेलाचा थर ठेवून हवा तोडतो. तो थर उतरला, फोडी उघड्या पडल्या, की बुरशी आलीच. पीटचं सगळं शास्त्र आणि त्याच्यावर ओढवलेलं सगळं संकट या एका गोष्टीत आहे: पाण्याची पातळी.

हा थर साचायला लागणारा वेळ मात्र आपल्या हिशेबाबाहेरचा आहे. वर्षाला साधारण एक-दोन मिलिमीटर. एक मीटर पीट म्हणजे निदान पाचशे ते हजार वर्षांची पानगळ. मधल्या भागात साठा जास्त होतो म्हणून हळूहळू जमिनीला फुगवटा येतो आणि तो शेजारच्या नदीच्या पातळीच्याही वर जातो. अशा उंचवट्यावर नदीचं पाणी पोचत नाही, गाळही पोचत नाही. तिथलं जंगल फक्त आभाळातून पडणाऱ्या पाण्यावर जगतं. पोषणद्रव्यं इतकी तुटपुंजी की झाडं मध्याकडे जावं तशी बारीक आणि खुजी होत जातात. पायाखाली घट्ट जमीन नाही म्हणून मुळ्या खोडाच्या चहूबाजूंनी टेकू देतात. काही झाडं श्वासासाठी मुळ्या चिखलाबाहेर काढतात. एवढ्या अडचणीच्या जागीही जीवसृष्टी भरगच्च आहे. बोर्निओतल्या ओरांगउटानांची मोठी वस्ती या दलदली जंगलांतच आहे. सुमात्राच्या अशाच काळ्या, आंबट पाण्यात 'पीडोसिप्रिस' नावाचा मासा सापडला. २००६ साली त्याचं वर्णन झालं तेव्हा पूर्ण वाढलेली मादी भरली ७.९ मिलिमीटर. आपल्या तांदळाच्या दाण्याएवढी. ज्या पाण्यात मासा जगणार नाही असं कोणीही म्हणालं असतं, त्या पाण्यात जगातल्या सर्वांत लहान माशांपैकी एक निघाला.

जगभरच्या जमिनीपैकी जेमतेम ३ टक्के भाग पीटने व्यापलाय आणि तेवढ्यात जगातल्या सगळ्या जंगलांच्या झाडोऱ्यापेक्षा जास्त कर्ब दडलाय. आफ्रिकेतल्या कांगो नदीच्या खोऱ्यात केवढं पीट आहे याचा तर अगदी अलीकडेपर्यंत अंदाजच नव्हता. डार्गी, लुईस या शास्त्रज्ञांनी आणि त्यांच्या कांगोतल्या सहकाऱ्यांनी चिखलातून वाट काढत सळया खुपसून थराची जाडी मोजली, नमुने काढले, उपग्रहाच्या चित्रांशी ताडून पाहिले आणि २०१७ साली निष्कर्ष मांडला: सुमारे १ लाख ४५ हजार चौरस किलोमीटर पीट, त्यात जवळपास ३० अब्ज टन कर्ब. महाराष्ट्राच्या निम्म्याला थोडी कमी एवढी जागा. संपूर्ण जगाचा कोळसा, तेल, गॅस मिळून वर्षाला जेवढा कर्ब हवेत सोडतो, त्याच्या तिपटीच्या घरातला हा साठा.

एक गोष्ट इथे झाकून ठेवणं बरोबर नाही. हवा नसलेल्या चिखलातही काही जीवाणू काम करतात आणि मिथेन सोडतात, आपल्या गोबरगॅसच्या टाकीत होतं तेच. मिथेन हा कार्बन डायऑक्साइडपेक्षा कितीतरी जहाल उष्णता अडवणारा वायू. म्हणजे पीटचं रान अगदीच साधुसंत नाही. पण मिथेन हवेत दहा-बारा वर्षांत विरतो आणि पुरलेला कर्ब हजारो वर्षं पुरलेलाच राहतो. लांब पल्ल्याचा हिशेब केला तर पारडं पीटच्या बाजूने झुकतं. मात्र पाणी काढून घेतलं की हे पारडं काही महिन्यांत उलटतं.

पुरलेला कर्ब हवेत परत कसा जातो हे पाहायला नांदगाव स्टेशनवर उभं राहिलं तरी चालेल. एकलहऱ्याच्या वीज केंद्राकडे विदर्भातला कोळसा घेऊन जाणाऱ्या मालगाड्या भुसावळकडून येतात, नांदगाव मागे टाकतात आणि मनमाडमार्गे नाशिककडे जातात. घुग्घुस, बल्लारपूर, वणी या पट्ट्यातला तो कोळसा म्हणजे पंचवीस-तीस कोटी वर्षांपूर्वीच्या दलदलीतलं पीट आहे, वरच्या गाळाने दाबलेलं आणि तापून घट्ट झालेलं. तेव्हा भारत गोंडवन नावाच्या दक्षिणेकडच्या महाखंडाचा भाग होता, हवा थंड होती आणि 'ग्लॉसोप्टेरिस' नावाच्या, जिभेच्या आकाराच्या पानांच्या झाडांची जंगलं पाण्यात उभी होती. कोळशाच्या खाणीतल्या शेलच्या पाटीवर ती पानं शिरांसकट उमटलेली सापडतात. महाराष्ट्रात पीटचं जंगल होतं का, या प्रश्नाचं उत्तर 'होतं' असंच आहे; ते वॅगनींत भरून आपल्या डोळ्यांदेखत जातं. रत्नागिरीकडेही जांभ्याखाली लिग्नाइटचे थर आणि काळी पडलेली लाकडं सापडतात, ती याच जातकुळीतली आणि वयाने पुष्कळ लहान.

कोळसा जाळायला माणसाला खाण खणावी लागते, वॅगनी भराव्या लागतात, भट्टी पेटवावी लागते. पीट जाळायला फक्त चर खणावा लागतो.

इंडोनेशियाने तो खणला. राष्ट्राध्यक्ष सुहार्तो यांच्या राजवटीत, १९९५-९६ मध्ये, मध्य कालीमंतानातल्या सुमारे १० लाख हेक्टर पीटच्या जंगलाचं भातशेतीत रूपांतर करायचा प्रकल्प निघाला. देश तांदळात स्वयंपूर्ण करायचा होता. चार हजार किलोमीटरहून अधिक लांबीचे कालवे खोदले गेले. आपल्या मनात कालवा म्हटला की पाणी आणणारा. हे कालवे पाणी घालवणारे होते. झाडं तुटली, पाणी नदीत उतरलं, वरचा थर कोरडा पडला. भात पिकला नाही, कारण एवढ्या आंबट, निकस पालापाचोळ्यात भात पिकत नसतो. तिथल्या दायाक लोकांना हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होतं आणि ते भात नदीकाठच्या गाळात करत. १९९७ साली एल निनोने, म्हणजे पॅसिफिक महासागराचा पट्टा तापण्याने, पाऊस लांबवला आणि जंगल साफ करण्यासाठी लावलेल्या आगी पीटमध्ये शिरल्या. ही आग झाडावरची नसते. ती जमिनीखाली धुमसत जाते, मुळांची वाट धरून सरकते, एका जागी विझली म्हणून पाठ फिरवावी तर चार दिवसांनी वीस पावलांवर धूर निघतो. पंपाने पाणी मारून ती विझत नाही. ती विझते पाण्याची पातळी पुन्हा वर आल्यावर, म्हणजे मोसम पालटल्यावर. त्या वर्षी इंडोनेशियातल्या पीटने किती कर्ब हवेत सोडला याचा अंदाज शास्त्रज्ञांनी नंतर मांडला: ०.८ ते २.५७ अब्ज टन. म्हणजे त्या वर्षी साऱ्या जगाने इंधन जाळून जेवढा कर्ब सोडला त्याच्या १३ ते ४० टक्के, आणि तो एका देशातल्या जळक्या पाल्याने. प्रकल्प गुंडाळला गेला. कालवे राहिले आणि पाणी वाहून नेत राहिले.

पुन्हा मोठी आग लागली २०१५ साली. ते वर्ष आपल्याकडे वेगळ्या कारणाने लक्षात आहे. महाराष्ट्रात सलग दुसरा दुष्काळ, पुढच्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी, आणि आपल्या नाशिक जिल्ह्याच्या पूर्व भागात गावोगाव टँकरच्या फेऱ्या. पॅसिफिक महासागराचा तोच तापलेला पट्टा इकडे मोसमी पाऊस रोखत होता आणि तिकडे कालीमंतान सुकवत होता. इंडोनेशियात सुमारे २६ लाख हेक्टर जमीन जळली, सिंगापूर-मलेशियात आठवडेच्या आठवडे धुराने सूर्य दिसेना. एल निनो आला की आपल्याकडे दुष्काळ पडतोच असं मात्र नाही. १९९७ साली, इतक्या जबर एल निनोतही, देशाचा पाऊस सरासरीएवढा झाला होता. त्यामुळे हवामानाच्या बातम्या ऐकून बियाणं घ्यायचं की नाही हे ठरवणाऱ्या शेतकऱ्याने एल निनोचं नाव ऐकताच हातपाय गाळू नयेत.

सुकवलेल्या, पिकाखाली आणलेल्या पीटला आग लागली नाही तरी ते कुजत राहतं आणि जमीन दरवर्षी काही सेंटिमीटर खाली बसत जाते. तेलताडाच्या मळ्यांतली जुनी झाडं मुळ्या उघड्या पडून आडवी-तिरपी झालेली दिसतात ती यामुळे. जगातल्या जमिनीच्या अर्ध्या टक्क्याहूनही कमी एवढ्या या सुकवलेल्या पीटमधून माणसामुळे होणाऱ्या एकूण उत्सर्जनापैकी सुमारे ५ टक्के उत्सर्जन होतं.

आणि तेलताड म्हटला की हे प्रकरण आपल्या किराणा दुकानात येतं. फरसाण, बिस्किटं, वडापावच्या कढईतलं तेल, वनस्पती तूप, अंगाचा साबण. पाम तेल कुठे नाही हे शोधणंच अवघड. जगात पाम तेलाची सर्वांत जास्त आयात करणारा देश भारत आहे, आणि जगाचं चार-पंचमांशाहून जास्त पाम तेल इंडोनेशिया आणि मलेशिया पिकवतात. एप्रिल २०२२ च्या अखेरीस इंडोनेशियाने निर्यात बंद केली तेव्हा, बंदी चार आठवडेही टिकली नाही तरी, तळणाचा भाव सगळ्यांना कळला. अर्थात पाम तेलाचा प्रत्येक थेंब पीटवरून येतो असं नाही. बराचसा ताड पक्क्या जमिनीवर आहे, आणि हेक्टरी तेल काढण्यात ताडाचा हात कोणतंही तेलबी धरू शकत नाही. सोयाबीन तर त्याच्या जवळपासही नाही. म्हणून "पाम तेल सोडा" हा सल्ला मला उथळ वाटतो. ताड कोणत्या जमिनीवर उभा आहे, हा प्रश्न खरा. 'शाश्वत' शिक्क्याच्या आंतरराष्ट्रीय निकषांत २०१८ पासून पीटवर नवी लागवड चालत नाही; पण आपल्या बाजारात सुटं तेल मागणारं गिऱ्हाईक तो शिक्का कुठे बघणार?

त्याच दुकानात, मसाल्याच्या बरण्यांत, नागकेशर आणि दगडफुलाच्या शेजारी रामपत्री असते. लालसर-तपकिरी, फाटक्या जाळीसारखी. काळ्या मसाल्यात ती लागतेच. ती रानजायफळाच्या बीवरची जाळी. झाड सह्याद्रीतलं, शास्त्रीय नाव मायरिस्टिका मलबारिका. या झाडाची काही सख्खी भावंडं फक्त पाण्यातच राहतात, आणि त्यांच्यामुळे महाराष्ट्राला आजचं, जिवंत, पाण्यात उभं असलेलं जंगल मिळालंय.

मायरिस्टिकाची दलदली वनं जगात फक्त पश्चिम घाटात आहेत. कृष्णमूर्ती यांनी १९६० साली त्रावणकोरच्या जंगलांतून त्यांची पहिली शास्त्रीय नोंद केली. पुढे चॅम्पियन आणि सेठ यांच्या १९६८ च्या वनवर्गीकरणात त्यांना स्वतंत्र जागा मिळाली. केरळात कुळत्तुपुळा आणि अंचल या भागात त्यांचे साठएक तुकडे आहेत, सगळे मिळून दीडशे हेक्टरच्या आसपास. कर्नाटकात उत्तर कन्नडमधलं कथलेकान प्रसिद्ध आहे. २००० साली तिथे बिब्ब्याच्या कुळातली एक संपूर्ण नवी जात सापडली, सेमेकार्पस कथलेकानेन्सिस. गोव्यात सत्तरी तालुक्यात बांबर येथे निरंकाराची राई आहे, देवाच्या नावाने राखलेली. याच्या उत्तरेला असं वन नाही असं धरून चाललेलं असताना २०१८ साली 'करंट सायन्स'मध्ये नोंद आली: सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग तालुक्यात हेवाळे-बांबर्डे येथे मायरिस्टिकाची दलदल आहे. २०२१ मध्ये राज्याने तिला जैवविविधता वारसास्थळ म्हणून जाहीर केलं. क्षेत्र २.५९ हेक्टर, म्हणजे साधारण साडेसहा एकर. आपल्याकडे एका कुटुंबाच्या नावावर याहून जास्त जमीन सहज असते. नंतर त्याच तालुक्यातल्या कुंब्रलच्या देवराईतही ही झाडं असल्याचं पुढे आलं.

या वनात झाड ओळखायला पानापेक्षा पायाकडे बघावं. मायरिस्टिका मॅग्निफिका हे इथलं मुख्य झाड. त्याच्या खोडातून, माणसाच्या उंचीपर्यंतही, मुळ्या फुटतात आणि तिरक्या उतरून चिखलात रुततात. खोड जणू त्यांच्यावर टेकून उभं. दक्षिणेकडच्या दलदलींत त्याचं चुलत भावंड जिम्नाक्रँथेरा सोबतीला असतं. त्याच्या मुळ्या चिखलातून वर येतात, गुडघा दुमडावा तशी कमान करतात आणि पुन्हा चिखलात शिरतात. कमानीच्या वरच्या भागात बारीक छिद्रं असतात, त्यांतून हवा आत जाते. साल खरचटली की लाल चीक येतो, ताज्या जखमेसारखा. पहिल्यांदा बघणारा दचकतो. हे कूळ सपुष्प वनस्पतींच्या फार जुन्या शाखांपैकी आहे. बी मोठं, जड आणि नाजूक. आपण ज्वारी-बाजरीचं बियाणं वर्षभर राखेत घालून ठेवतो तसं हे ठेवता येत नाही; वाळलं की मेलं. धनेशासारखे मोठे पक्षी ते गिळून लांब नेतात, पण नेऊन टाकलेल्या जागी ओल नसेल तर ते रुजत नाही, आणि रुजलं तरी पुढचा उन्हाळा काढत नाही. मॅग्निफिकाचं नाव धोक्यात असलेल्या जातींच्या जागतिक यादीत आहे ते उगाच नाही.

केरळच्या याच दलदलींतून २०१३ साली एका बेडकाचं वर्णन झालं. त्याचं प्रजातीनाम मर्क्युराना, फ्रेडी मर्क्युरीच्या नावावरून. 'क्वीन' या बँडचा हा गायक लहानपणी पाचगणीच्या शाळेत शिकला, आणि पाचगणीही पश्चिम घाटातलीच, याची दखल नाव देणाऱ्यांनी घेतली होती. जातीनाम मायरिस्टिकापॅलस्ट्रिस, म्हणजे रानजायफळाच्या दलदलीतला. मोसमी पावसाच्या आधी, वळवाच्या सरी आल्या की नर संध्याकाळी गातात. आपल्याकडे तो नाही. पण साताऱ्यातल्या शाळेतला मुलगा आणि कोल्लमच्या चिखलातला बेडूक एका नावात आले, हे मला फार आवडतं.

बांबर्ड्यात कालीमंतानसारखं मीटर-मीटर पीट नाही, हे स्पष्ट सांगायला हवं. तिथलं पाणी साचून न राहता सावकाश वाहतं, सोबत हवा आणि रेती-गाळ आणतं. पाला पूर्ण मुरत नाही, काळा मऊ चिखल होतो, पण दहा मीटर थर होण्याइतका तो अडून राहत नाही. भारतात खरं पीट बघायचं तर नीलगिरीच्या उंच गवताळ दऱ्यांत जावं लागतं, किंवा केरळच्या कुट्टनाडमध्ये. तिथल्या 'करी' नावाच्या काळ्या, आंबट शेतांत नांगराला पुरलेल्या जंगलाची लाकडं लागतात. नीलगिरीच्या पीटमधल्या कर्बाचे प्रकार मोजून १९९३ साली सुकुमार आणि सहकाऱ्यांनी गेल्या वीस हजार वर्षांत तिथे गवत कधी वाढलं, झाडी कधी वाढली, मोसमी पाऊस कधी हटला हे वाचून दाखवलं. न कुजलेलं पान म्हणजे तारखेसकट जपलेला हवामानाचा कागद असतो. कुजलं की कागदही गेला.

पण बांबर्डे आणि कालीमंतान यांचा पाया एकच आहे. दोन्ही जागा पावसाने जेवढ्या घडल्यात त्याहून जास्त पाण्याच्या सातत्याने घडल्यात. दोडामार्गात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आपल्या सहापट. तरी तो पडतो चार-पाच महिनेच, आणि उरलेले सात-आठ महिने कोकणही कोरडंच असतं. एवढ्या उत्तरेला मायरिस्टिका तग धरून आहे ती त्या विवक्षित जागी बारमाही झरा असल्यामुळे. कोकणातले झरे जांभ्याच्या पोटातून येतात. वरचा सडा, म्हणजे जांभ्याचं पठार, उन्हाळ्यात भकास दिसतो, माळरान म्हणून सरकारी कागदावर त्याची किंमत शून्य. पण जांभा सच्छिद्र असतो, पावसाळ्यात पाणी पितो आणि खाली घट्ट खडक लागला की बाजूने सोडत राहतो. व्हाळ, म्हणजे ओढा, मार्च-एप्रिलमध्ये वाहतो तो या उधारीवर.

म्हणून २.५९ हेक्टरांभोवती आखलेली रेघ मला अपुरी वाटते. रेघेच्या आतलं झाड कोणी तोडणार नाही. गावाने ते आजवर तोडलं नाही, आता कायदाही आहे. पण वरच्या उतारावर यंत्राने चर मारले, झऱ्याच्या मुखाशी पंप बसला, सड्यावरचा जांभा चिऱ्यासाठी काढला, तर झाडाला कोणी हातही न लावता वन जाईल. दोडामार्गात गेल्या वीस-पंचवीस वर्षांत रबर, काजू, अननसाच्या लागवडीसाठी डोंगर उघडे झालेत. सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्यातल्या वृक्षतोडीचं प्रकरण वर्षानुवर्षं उच्च न्यायालयात आहे आणि २०२४ च्या मार्चमध्ये तिथल्या २५ गावांना पर्यावरणीय संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर करण्याबाबत न्यायालयाने केंद्राला निर्देश दिले. २०२० मध्ये झालेलं तिलारी संवर्धन राखीव क्षेत्रही याच भागात आहे. कागद पुष्कळ आहेत. झऱ्यात पाणी किती, याची नोंद या कागदांत कुठे असायला हवी, हा माझा प्रश्न.

इंडोनेशियाला हे मोठी किंमत मोजून कळलं. २०१४ आणि २०१६ च्या नियमांनी तिथे पीटवरच्या लागवडीत भूजल जमिनीपासून ४० सेंटिमीटरपेक्षा खाली जाऊ द्यायचं नाही, असं ठरवलं. २०१६ मध्ये पीट पुनर्स्थापनेसाठी स्वतंत्र यंत्रणा काढली आणि तिने जुन्या कालव्यांवर लाकडाचे, मातीच्या पोत्यांचे बांध घालायला सुरुवात केली. नियम पाळला जातो का, यावर तिथे वाद आहेत. पण मोजायचं काय हे त्यांनी नेमकं पकडलं: मळ्यात उभी केलेली सच्छिद्र नळी, तिच्यात सोडलेली टेप, आणि पाणी किती खाली गेलं तो आकडा.

आपल्याकडे हे काम करणारी व्यवस्था पूर्वीपासून आहे. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा राज्यभर निरीक्षण विहिरींची पातळी जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरमध्ये घेते. ऑक्टोबरची नोंद पाहून कुठल्या गावात टंचाई येणार याचा अंदाज बांधला जातो, आणि नांदगाव तालुक्याचं नाव त्या यादीत आलं की इथे कोणालाही नवल वाटत नाही. अशीच एक नळी बांबर्ड्याच्या चिखलात, एक झऱ्याच्या वरच्या अंगाला आणि एक सड्यावर बसवायला काही हजारांचा खर्च आहे. पाच-सात वर्षांच्या मे महिन्यांचे आकडे हाती आले की सड्यावर चिरेखाण द्यायची की नाही, उतारावर बोअर पाडू द्यायची की नाही, या अर्जांवर निर्णय घ्यायला तहसीलदारासमोर श्रद्धा आणि अंदाज यांच्या जोडीला मीटर-सेंटिमीटरमधला पुरावा असेल. कुंब्रलमध्येही तेच करता येईल, आणि ते आताच सुरू करायला हवं, कारण झरा आटू लागल्यावर बसवलेली नळी आधी तो किती होता हे सांगू शकत नाही.